डिझेल गाडीचा एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर कधी बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझेल गाडीत फिल्टर चार : ऑइलचा, हवेचा, डिझेलचा आणि एसीचा. ऑइल फिल्टर ऑइलबरोबर बदलला जातो, त्यावर कुणी वाद घालत नाही. एसीचा फिल्टर तुमच्या नाकासाठी असतो, इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही. घोळ होतो तो एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टरचा. कुणी दर सर्व्हिसिंगला बदलतं, कुणी गाडी बंद पडेपर्यंत हातच लावत नाही. खाली दिलेली उत्तरं मुख्यतः कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनाच्या, गाड्यांसाठी आहेत. स्विफ्ट डिझेल, डिझायर, बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा, क्रेटा, नेक्सॉन या सगळ्या डिझेल गाड्या त्यात आल्या.

आधी एका दमात सांगा, किती किलोमीटरला बदलायचे?

एअर फिल्टर : दर सर्व्हिसिंगला, म्हणजे साधारण १०,००० किलोमीटरला, काढून बघायचा. चांगल्या डांबरी रस्त्यावर तो २०,००० ते ४०,००० किलोमीटर जातो. धुळीत त्याच्या निम्मा धरा, कधी त्याहूनही कमी.

डिझेल फिल्टर : २०,००० ते ४०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, यातलं जे आधी येईल ते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. त्याच्या पुढे जायचं नाही, अलीकडे थांबलात तर उत्तम.

दोन्ही फिल्टरना एकच नियम लावू नका. एअर फिल्टर काढून बघता येतो, म्हणून तो डोळ्यांनी बघून बदलायचा. डिझेल फिल्टरच्या आत बघता येत नाही, म्हणून तो तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवून बदलायचा.

मॅन्युअलमध्ये एअर फिल्टरला ४०,००० लिहिलंय आणि गॅरेजवाला म्हणतो १०,०००. कोण खरं?

दोघंही आपापल्या जागी खरे असू शकतात. मॅन्युअलमधलं वेळापत्रक साध्या वापरासाठी असतं, म्हणजे डांबरी रस्ता, मध्यम वेग आणि फार थांबा-चाला नाही. त्याच पानाच्या खाली किंवा मागच्या पानावर ‘खडतर वापर’ अशा अर्थाचा वेगळा तक्ता किंवा तळटीप असते. ती कुणी वाचत नाही. धुळीच्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर एअर फिल्टर लवकर तपासा आणि लवकर बदला, असं तिथे सरळ लिहिलेलं असतं.

आता आपल्याकडे खडतर वापर कुणाचा नाही, हे शोधावं लागेल. शेतापर्यंत मुरमाचा रस्ता असलेला माणूस, कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फुफाटा खात जाणारा, खडी क्रशरच्या किंवा वीटभट्टीच्या पट्ट्यात रोज येणारा-जाणारा, रुंदीकरण चालू असलेल्या महामार्गावरचा, पुण्या-ठाण्याच्या बाहेर जिथे दर दोनशे मीटरवर इमारत उभी राहतेय तिथे राहणारा. या सगळ्यांनी खालची तळटीपच आपली समजावी.

उलट रोज मुंबईत पेडर रोड ते नरिमन पॉइंट करणाऱ्याला दर १०,००० ला नवा एअर फिल्टर लावणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. गॅरेजवाल्याने फिल्टर काढून दाखवला आणि मग बदला म्हणाला, तर ऐका. न दाखवता म्हणाला, तर आधी दाखवायला सांगा.

एका कागदाच्या फिल्टरचं एवढं काय कौतुक?

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी सुमारे १०,००० लिटर हवा लागते. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्तच हवा ओढतं, म्हणजे खरा आकडा याच्याही वर. पुण्याहून कोल्हापूरला जाताना गाडी १२-१३ लिटर डिझेल पिते, असं धरू. म्हणजे रस्त्यावर दिसणारे १०,००० लिटरचे पाण्याचे टँकर डोळ्यांसमोर आणा. तसे बारा-तेरा टँकर भरून हवा त्या वहीएवढ्या कागदातून जाते, एका दिवसात.

त्या हवेतली धूळ ही फक्त माती नसते. तिच्यात गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. फिल्टर चुकवून आत गेले की पहिला मार टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या पंख्याच्या, पात्याला. ते पातं मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतं. पुढे सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात, काही कण ऑइलमध्ये उतरून बेअरिंगपर्यंत पोचतात. हे एका दिवसात होत नाही. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, आणि तोवर बिचाऱ्या फिल्टरची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

म्हणून एअर फिल्टरच्या बाबतीत दोन वेगळे धोके लक्षात ठेवा. चोक झालेला फिल्टर ताकद कमी करतो, पण इंजिन वाचवतो. फाटलेला, वाकडा बसलेला किंवा हलक्या कागदाचा फिल्टर ताकद कमी करत नाही, इंजिन संपवतो. दुसरा धोका मोठा आहे आणि तो गाडी चालवताना जाणवत नाही.

फिल्टर काढला. आता त्यात बघायचं काय?

रंगावर जाऊ नका. वरून तपकिरी-काळा झालेला फिल्टर अजून चांगला चालत असू शकतो. मोबाइलची टॉर्च घड्यांच्या मागे धरा. प्रकाश बऱ्याच भागातून झिरपत असेल तर जीव आहे. निम्म्याहून जास्त भाग अंधारा असेल, घड्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर बदला.

एकाच ठिकाणी प्रकाशाचा टोकदार ठिपका दिसला तर ते भोक आहे. फिल्टर तिथल्या तिथे टाकून द्या, कितीही नवा असो.

मग डब्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे फिल्टरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात, बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही, रबराची कड दबलेली नाही किंवा झाकणाची क्लिप तुटली आहे. असं असताना नुसता नवा फिल्टर टाकून काही साधत नाही. आधी ती फट बंद करा.

फिल्टरवर तेलाचे डाग दिसले तर इंजिनाच्या ब्रीदरकडे, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीकडे, बघायला सांगा. ओला झालेला असेल तर बदलाच. आणि गाडी महिनाभर झाडाखाली किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असेल तर झाकण जरा जपून उघडा. एअर फिल्टरचा डबा उंदरांना फार आवडतो. उबदार, कोरडा आणि घरट्यासाठी कागद आयता.

कॉम्प्रेसरने हवा मारून तोच फिल्टर वापरला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर लांबलं तरी चालेल, कारण यात पैसेही वाचतात आणि इंजिनंही जातात.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये १०० पीएसआयच्या वर दाब असतो. तो नळा फिल्टरला टेकवून सोडला की कागदाच्या घडीत डोळ्यांना न दिसणाऱ्या फाटी पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो, गाडी हलकी वाटते, मालक खूश. त्यानंतर त्या फाटींतून धूळ सरळ आत जाते. बाहेरच्या बाजूने हवा मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की फिल्टर आणखी बारीक धूळ अडवू लागतो, कारण तो थरच गाळणीचं काम करतो. अगदी कोरा फिल्टर सुरुवातीला त्या मानाने कमी अडवतो. सारखं काढून, झटकून, हवा मारून बसवत राहिलात तर प्रत्येक वेळी तो थर जातो, शिवाय डबा उघडताना काठावरची धूळ आत पडते ती वेगळी. म्हणजे जास्त काळजी घेणाऱ्याचंही नुकसान होऊ शकतं.

तरीही गावाकडे, जिथे दर दोन महिन्यांनी फिल्टर भरतो, तिथे प्रत्येक वेळी नवा घ्या हे सांगणं सोपं आणि करणं कठीण. तुमच्या मॅन्युअलने साफ मनाई केली नसेल तर दोन बदलांच्या मध्ये एकदा साफ करायला हरकत नाही. आधी फिल्टर धुळीची बाजू खाली करून हलक्या हाताने आपटा. मग दाब ३० पीएसआयच्या आत ठेवा, नळा वीतभर लांब धरा आणि हवा आतून बाहेर, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने धुळीच्या बाजूकडे मारा. नंतर टॉर्चची तपासणी ठरलेलीच. दुसऱ्यांदा तोच फिल्टर साफ करण्यापेक्षा नवा घ्या. काही शेकड्यांत येतो.

पाण्याने, डिझेलने किंवा पेट्रोलने कागदी फिल्टर धुणं म्हणजे तो फेकून देण्याची लांबची वाट. जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. तो धुवायचाच असतो, त्यातलं ऑइल बदलायचं असतं. ती सवय कारला लावू नका.

धुता येणारे, आयुष्यभर चालणारे परफॉर्मन्स फिल्टर बसवावेत का?

रस्त्यावरच्या डिझेल गाडीला माझ्या मते नको. त्यांना लावायचं तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं, आणि तो सेन्सर एका फिल्टरच्या कितीतरी पट महाग असतो. शिवाय मोकळी हवा आणि बारीक गाळणी या दोन गोष्टी एकाच कापडाकडून मागायच्या म्हणजे कुठेतरी तडजोड आलीच.

डिझेल फिल्टर नेमकं काय अडवतो?

कचरा आणि पाणी. यातलं पाणी जास्त वाईट.

कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० ते २,००० बार, काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाबाने फवारलं जातं. तुमच्या टायरमध्ये असतो तो दाब दोन-सव्वादोन बार. एवढा दाब धरून ठेवायचा तर इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, आतली फट दोन-तीन मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण ६०-७० मायक्रॉन जाड. म्हणजे जो कण तुम्हाला बोटांत चोळूनही जाणवणार नाही, तो तिथे सँडपेपरचं काम करतो. नाशिकच्या सातपूरला बॉशच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘मायको’च्या कारखान्यात अशी नोझलं बनतात. तिथे काम केलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला त्या कामातल्या स्वच्छतेबद्दल विचारा. मग फिल्टरचे पैसे द्यायला जीवावर येणार नाही.

पाण्याचं म्हणाल तर उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर यांना वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्यांचं वंगण. पाणी आलं की वंगण गेलं, गंज आला. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेलमध्ये किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. म्हणजे ५० लिटरच्या टाकीत नियमाप्रमाणेच ८ ग्रॅमपर्यंत पाणी असू शकतं. त्यातलं काही डिझेलमध्ये विरघळलेलं राहतं, बाकीचं फिल्टरच्या तळाशी जमतं. हा हिशेब चांगल्या डिझेलचा आहे.

तोही काढून, बघून ठरवता येणार नाही का?

नाही. बहुतेक गाड्यांत तो बंद डबा असतो. जिथे आतला कागद वेगळा निघतो, तिथेही काळा पडलेला कागद चोक झालाय की नाही ते नजरेला कळत नाही. डिझेल फिल्टर काळा पडतोच. शिवाय काढून परत बसवताना स्वच्छ बाजूला एक कण पडला तरी तो सरळ इंजेक्टरपर्यंत जातो, मध्ये तेवढी बारीक दुसरी चाळण नसते. म्हणून काढला की नवाच बसवायचा. हवा मारून, धुऊन, झटकून परत वापरणं इथे अजिबात नाही.

कुठला फिल्टर चोक झालाय ते गाडी चालवताना कळतं का?

थोडंफार कळतं. डिझेल फिल्टर चोक झाला की गाडी सपाटीवर अर्ध्या ॲक्सिलरेटरवर बरी चालते. कसारा किंवा खंबाटकीच्या चढाला, पाच माणसं आणि सामान घेऊन, पाय पूर्ण दाबला की मात्र ओढत नाही. कारण तेव्हाच इंजिनाला सगळ्यात जास्त डिझेल हवं असतं आणि नेमकं तेव्हाच फिल्टर ते देत नाही. पुढची पायरी म्हणजे झटके, मग इंजिनाचा पिवळा दिवा लागून गाडी ठरावीक वेगाच्या वर जायचं नाकारते. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागणं हेही एक लक्षण. समृद्धी महामार्गावर सलग १२० च्या वेगाने जाताना हे पहिल्यांदा उघडकीस येतं, आणि तिथे मधेच गॅरेज सापडत नाही.

एअर फिल्टर चोक झाला की गाडी एकूणच सुस्त होते, टर्बो उशिरा लागतो, जुन्या गाडीचा धूर काळा होतो. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या, गाडीत तो धूर दिसत नाही, कारण काजळी मागच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या पाइपातल्या काजळीच्या गाळणीत, अडकते. मग डीपीएफ लवकर लवकर भरतो.

पण हीच लक्षणं टर्बोचा पाइप फाटला, ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या झडपेत) काजळी साचली किंवा इंजेक्टर गेला तरी येतात. फिल्टर स्वस्त आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. मात्र दोन्ही बदलूनही फरक नसेल तर स्कॅनर लावून घ्या. फिल्टरवर फिल्टर बदलत बसू नका.

डॅशबोर्डवर फिल्टरच्या चित्राखाली थेंब असलेला पिवळा दिवा लागला.

किल्ली फिरवल्यावर क्षणभर लागून विझत असेल तर सगळं ठीक, तो दिव्याची चाचणी असते. गाडी चालू असताना लागून राहिला तर डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचलंय. गाडी बाजूला घ्या. ‘घरी पोचल्यावर बघू’ हा विचार इंजेक्टरला महागात पडतो.

बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या खाली एक प्लास्टिकचा स्क्रू असतो. इंजिन बंद करा, खाली पारदर्शक बाटली धरा, स्क्रू थोडा सैल करा. आधी पाणी येतं, मग स्वच्छ डिझेल. डिझेल आलं की स्क्रू बंद करा. हाताने घट्ट पुरतो, पाना लावून पिळला तर तुटतो. बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवा : पाणी तळाला, डिझेल वर. चमचाभर पाणी निघालं तर पुढे जा आणि लक्ष ठेवा. पुन्हा लवकर दिवा लागला किंवा अर्धा पेला पाणी निघालं तर पाणी टाकीत आहे, टाकी उतरवून साफ करावी लागेल. अशा वेळी ती बाटली आणि पंपाची पावती फेकू नका. तक्रार करायची वेळ आली तर तेवढंच हातात असतं.

पावसाळ्याचा याच्याशी काही संबंध?

आहे. विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा असते, रात्री गार झाली की तिचं पाणी होऊन तळाला उतरतं. गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. पाणी आणि डिझेल जिथे टेकतात तिथे काही सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा काळा, चिकट गाळ होतो आणि तो फिल्टर काही दिवसांत बंद करतो. बायोडिझेल मिसळलेलं इंधन पाणी जास्त धरतं, त्यात ही शक्यता वाढते.

पंपावर जमिनीतल्या टाकीत पाणी शिरलंय का ते बघायला मोजपट्टीला एक पेस्ट लावून तपासतात. पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर तुम्हीही ती तपासणी दाखवा म्हणू शकता. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर तेवढा वेळ तिथे डिझेल भरू नका. तळाचा गाळ ढवळलेला असतो.

साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. आधी एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा. कागद भिजलेला असेल तर पाणी इंजिनापर्यंत गेलेलं असू शकतं आणि एक सेल्फ पिस्टनचा दांडा वाकवायला पुरतो. टो करून न्या.

माझी गाडी वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर चालते. मग दहा वर्षं बघायला नको?

असं नाही होत. डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी गाडी उभी असतानाही आपलं काम करतं, रबरं कडक होतात. दोन वर्षांनी बदला. एअर फिल्टर मात्र वर्षातून एकदा बघितलात तरी पुरे. तीन-चार वर्षं टिकला तर आश्चर्य वाटायला नको.

टॅक्सीवाल्यांचं उलट. विमानतळाच्या रांगेत तासन्‌तास एसी लावून उभी असलेली गाडी किलोमीटर दाखवत नाही, पण हवा आणि डिझेल ओढतच असते. त्यांनी किलोमीटरच्या आकड्यातून चौथाई कमी करूनच धरावं.

कंपनीचाच फिल्टर घ्यायचा की बाजारातला चालेल?

एअर फिल्टर नावाजलेल्या कंपनीचा असेल तर बाजारातला चालतो. बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, इलोफिक ही नावं कुठल्याही पार्टच्या दुकानात ऐकू येतात. बसवताना रबराची कड चारही बाजूंनी सारखी बसते का ते बघा, बाकी फार विचार नको.

डिझेल फिल्टरला मी एवढी मोकळीक देत नाही. गाडीच्या कंपनीचा, किंवा तिला पुरवठा करणाऱ्या कंपनीचा त्याच नंबरचा. बाहेरून हुबेहूब आणि आत घड्या निम्म्या, असे डुप्लिकेट फिल्टर बाजारात भरपूर आहेत. वजनाला हलका, छपाई पुसट, सीलची ओ-रिंग सैल, बिल द्यायला दुकानदार नाखूश, यातलं एक जरी असलं तरी दुसरं दुकान गाठा. चांगला डिझेल फिल्टर गाडीप्रमाणे काही शेकड्यांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळतो. इंजेक्टर एकेक करून हजारांत मोजावे लागतात आणि बहुतेक गाड्यांत ते चार असतात.

स्वतः घरी बदलता येतात का?

एअर फिल्टर नक्की. दोन-चार क्लिपा किंवा स्क्रू, दहा मिनिटांचं काम. डबा आधी ओल्या फडक्याने पुसा. हवा मारून साफ करू नका, धूळ पुढच्या पाइपात जाते. फिल्टर उलटा बसत नाही ना ते बघा आणि सेन्सरची वायर ओढू नका.

डिझेल फिल्टर येत असेल तरच. जुन्या बोलेरोसारख्या गाडीत तो समोर दिसतो, हाताने पंप करून एअर काढता येते. नव्या गाड्यांत कधी तो गाडीच्या पोटाखाली असतो, कधी पाइपांचे कुलूपवाले जोड तुटतात. एक सूचना मात्र स्वतः करणाऱ्यांना आणि गॅरेजवाल्यांनाही : नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरू नका. ते न गाळलेलं डिझेल स्वच्छ बाजूला उतरतं. जुन्या इंजिनात हे खपून जायचं, कॉमन रेलमध्ये नाही.

डिझेल फिल्टर बदलला आणि गाडी स्टार्टच होईना!

लाइनमध्ये एअर आहे. सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल आणि उच्च दाबाचा पंप कोरडा फिरेल. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ‘ऑन’ करून थांबा, बंद करा, पुन्हा ऑन. असं पाच-सहा वेळा. मग सेल्फ. तरीही नाही झाली तर ओ-रिंग पिळवटली आहे किंवा जोड नीट लागलेला नाही, तिथून हवा ओढली जातेय. टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत गाडी चालवली तरी हेच होतं.

फिल्टर बदलल्यावर ॲव्हरेज वाढेल ना?

आजच्या गाडीत जाणवण्याइतकं नाही. पिकअप परत येईल. ॲव्हरेजच्या आशेने बदलू नका.

सर्व्हिसिंगच्या बिलात दोन्ही फिल्टर लागलेत. खरंच बदलले का ते कसं कळणार?

गाडी देताना जुने पार्ट परत हवेत असं जॉब कार्डवर लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि चांगले सर्व्हिस सेंटरवाले स्वतःहून देतात. नवा फिल्टर लागला की मार्करने त्याच्या कडेवर तारीख आणि किलोमीटर लिहा. हे एवढं केलं की पुढच्या वेळी वाद होत नाही. ‘डिझेल सिस्टीम क्लीनिंग’ नावाची बाटली बिलात आली तर मात्र विचारा की कुठल्या तक्रारीसाठी. गाडी चांगली चालत असेल तर तिची गरज नाही.

सेकंडहँड डिझेल गाडी घेतली, आधीच्या मालकाचा काही हिशेब नाही.

दोन्ही फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदला आणि तिथून तुमचा हिशेब सुरू करा. निघालेला डिझेल फिल्टर उघडता येत असेल तर हॅक्सॉने कापून घड्या बघा. धातूसारखी चमकणारी पूड दिसली तर पंप झिजतोय, आणि ती माहिती आधीच्या मालकाने तुम्हाला दिली नसती. तांबूस गंज दिसला तर टाकीकडे बघा. नुसती काळी मळी असेल तर निर्धास्त राहा.

रस्त्याकडेला स्वस्त ‘बायोडिझेल’ मिळतं. नवा फिल्टर असेल तर चालेल ना?

नाही. पिंपात किंवा टँकरमध्ये विकलं जाणारं ते द्रव्य काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. फिल्टर कचरा आणि पाणी अडवतो, भेसळ अडवत नाही.

डिसेंबरात लडाखला गाडी घेऊन चाललोय. फिल्टरचं काही वेगळं करायचं?

निघण्याआधी डिझेल फिल्टर नवा टाका, त्यात पाणी राहू देऊ नका. थंडीत ते पाणी तिथेच गोठतं. महाराष्ट्रात भरलेलं डिझेल उणे तापमानात दाट होतं, त्यातलं मेण फिल्टरच्या कागदावर जमतं आणि फिल्टर नवा असूनही गाडी बंद पडते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिकडच्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. वर चढत जाताना आपलं डिझेल जमेल तितकं संपवून तिथलं भरा. टाकीत रॉकेल ओतण्याचा जुना ट्रकवाल्यांचा सल्ला कॉमन रेल गाडीला लागू नाही, त्याने पंपाचं वंगण जातं.

काढलेले फिल्टर कुठे टाकायचे?

एअर फिल्टर सुक्या कचऱ्यात. डिझेल फिल्टर उलटा ठेवून आतलं डिझेल बाटलीत निथळू द्या, मग तो आणि ती बाटली दोन्ही गॅरेजवाल्याकडे द्या. त्याच्याकडे जळकं ऑइल नेणारा माणूस येतो, तोच हेही नेतो. निथळलेलं डिझेल परत टाकीत ओतू नका, आणि चूल किंवा शेकोटी पेटवायलाही वापरू नका.